अळीचा स्राव आणि फसवे झोन: हिरव्या माशीच्या अळीतला जिवाणूरोधक अंश गोळा करून तपासायची पद्धत

हिरव्या माशीच्या अळ्या तासभर थोड्या पाण्यात ठेवायच्या, ते पाणी गाळून जिवाणू पेरलेल्या आगारमध्ये (जिवाणू वाढवायच्या जेलीत) पाडलेल्या विहिरीत, म्हणजे छोट्या भोकात, टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी पट्टीने झोन, म्हणजे विहिरीभोवतीचं जिवाणू न वाढलेलं वर्तुळ, मोजायचं. एमएस्सीच्या प्रकल्पात हा प्रयोग दोन ओळींत लिहून होतो. पण झोन आला तर तो अळीमुळे आला, की अमोनियामुळे, की अळ्यांना खायला दिलेल्या कलेजीत उरलेल्या औषधामुळे, की अंडी धुताना राहून गेलेल्या ब्लीचमुळे, हे प्लेट सांगत नाही. आणि झोन आलाच नाही, तरी अळीत काही नव्हतं असं ठरत नाही. पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) आगारला किंवा प्लास्टिकच्या नळीला चिकटून बसलेलं असू शकतं. म्हणून खाली कृतीइतकीच जागा कंट्रोलना (तुलनेसाठीच्या नमुन्यांना) दिली आहे. इनक्युबेटर, ऑटोक्लेव्ह, लॅमिनार (निर्जंतुक हवेचं टेबल) आणि थंड सेंट्रिफ्यूज एवढं असलेल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे सगळं जमतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. असा काढलेला स्राव किंवा अशा वाढवलेल्या अळ्या माणसाच्या वा जनावराच्या जखमेवर लावायच्या नाहीत, कितीही स्वच्छ वाटल्या तरी. जखमांच्या उपचारासाठीच्या अळ्या परवानाधारक ठिकाणी, प्रत्येक खेपेची निर्जंतुकता तपासून तयार होतात आणि डॉक्टरच्या हातूनच वापरल्या जातात. अमेरिकेत त्यांना 2004 मध्ये वैद्यकीय साधन म्हणून मान्यता मिळाली. हे मार्गदर्शन फक्त प्लेटपुरतं आहे.

नेमकं काय शोधायचं

अळीच्या स्रावात एकच ‘औषध’ नसतं. वेगवेगळ्या वजनाच्या आणि वेगवेगळ्या उगमाच्या तीन-चार गोष्टी त्यात एकत्र असतात.

पहिली म्हणजे पेप्टाइडं. ल्युसिलिया सेरिकाटा या हिरव्या माशीत सापडलेलं ल्युसिफेन्सिन हे त्यातलं सर्वांत नीट ओळखलं गेलेलं. प्रागमधल्या संशोधकांनी 2010 मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. त्यात 40 अमिनो आम्लं असतात, सहा सिस्टीन मिळून तीन डायसल्फाइड पूल (गंधकाचे बंध) बांधतात आणि वजन साधारण 4114 डाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक) भरतं. हे डिफेन्सिन कुळातलं आहे. ग्रॅम पॉझिटिव्ह (ग्रॅमच्या रंगपरीक्षेत जांभळ्या दिसणाऱ्या) जिवाणूंवर त्याचा परिणाम चांगला होतो, ग्रॅम निगेटिव्हवर जवळजवळ होत नाही. याच माशीत ल्युसिमायसिन नावाचं 77 अमिनो आम्लांचं आणखी एक पेप्टाइड आहे, पण ते बुरशीवर चालतं, जिवाणूंवर नाही. मांसमाशीतलं सापेसिन आणि फॉर्मिया माशीतलं फॉर्मिसिन ही ल्युसिफेन्सिनची भावंडं त्याच्या वीसेक वर्षं आधीच माहीत झाली होती.

दुसरी गोष्ट 500 डाल्टनहून हलक्या रेणूंची. वेल्समधल्या स्वान्सी विद्यापीठात 2004 च्या सुमारास या हलक्या भागात एमआरएसए (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस) विरुद्ध क्रिया दिसली. पण याच वजनात फिनाइलअसेटिक आम्लही बसतं आणि ते अळीचं नसतं. अळीच्या आतड्यात राहणारा प्रोटियस मिराबिलिस हा जिवाणू ते बनवतो. त्यामुळे हलक्या भागात झोन आला की ‘अळीचं नवीन प्रतिजैविक’ असं शीर्षक द्यायची घाई करू नये.

तिसरी गोष्ट अमोनिया. अळ्या तो सतत टाकतात, त्यामुळे स्रावाचा पीएच 8 च्या वर जातो. नुसत्या अमोनियानेही काही जिवाणूंची वाढ मंदावते. चौथी म्हणजे विकरं: कायमोट्रिप्सिनसारखी प्रोटिएझं (प्रथिनं तोडणारी) आणि डीएनए तोडणारी विकरं. ती जिवाणू मारत नाहीत, त्यांनी बांधलेला बायोफिल्म (चिकट थर) सैल करतात. झोनच्या परीक्षेत त्यांना गुण मिळत नाहीत, पण साठवणीत मात्र ती घात करतात. ते पुढे येईलच.

माशी ओळखणं

महाराष्ट्रात मासळी बाजारात किंवा वाळत घातलेल्या बोंबलांवर जी मोठी निळसर-हिरवी माशी घोंघावते, ती बहुतेक वेळा ल्युसिलिया नसते. ती क्रायसोमिया मेगासेफाला असते. डोळे मोठे आणि विटकरी लाल, गाल नारिंगी, अंग ठसठशीत. तिच्या अळ्यांवरही हा प्रयोग करता येतो आणि तो करण्यासारखा आहे, फक्त अहवालात ल्युसिफेन्सिनचं नाव घेऊन चालणार नाही.

ल्युसिलिया आकाराने लहान, तांब्याची झाक असलेली चकचकीत हिरवी. आपल्याकडे सेरिकाटा आणि क्युप्रिना या दोन्ही जाती मिळतात आणि नुसत्या डोळ्यांना सारख्याच दिसतात. पुढच्या पायाची मांडी भिंगाखाली बघा: क्युप्रिनात ती धातूसारखी हिरवी चमकते, सेरिकाटात काळी किंवा गडद निळी असते. मलेशियात उपचारासाठी क्युप्रिनाच वापरली गेली आहे, तेव्हा ती निघाली म्हणून निराश व्हायचं कारण नाही.

अळीवरून ओळखायचं असेल तर तिचं मागचं टोक बघायचं. पूर्ण वाढलेली अळी गरम पाण्यात मारून, शेवटचे दोन मिलिमीटर ब्लेडने कापून, सपाट बाजू वर करून स्टिरिओ सूक्ष्मदर्शीखाली ठेवा. दोन तपकिरी चकत्या दिसतील, ती श्वासछिद्रं. प्रत्येक चकतीत तीन तिरप्या फटी असतील तर अळी तिसऱ्या टप्प्यातली, दोन असतील तर दुसऱ्या. चकतीची कड पूर्ण बंद असेल तर ल्युसिलिया, एका बाजूने उघडी असेल तर क्रायसोमिया. चकत्या खोल खड्ड्यात बसलेल्या असतील तर मांसमाशी. ती अंडी न घालता थेट बारीक अळ्याच टाकते, त्यामुळे ठेवलेल्या मांसावर तासाभरात वळवळ दिसली की ते मांस बाजूला करा.

जनावराच्या जखमेत आसडी पडली तर तिथल्या अळ्या या प्रयोगासाठी आणू नयेत. त्या क्रायसोमिया बेझियानाच्या असू शकतात. ती जात जिवंत मांस खाते आणि प्रयोगशाळेत पाळायची नाही.

वसाहत

30 सेंटिमीटरच्या चौकोनी जाळीच्या पिंजऱ्यात 80 ते 100 माश्या पुरतात. तापमान 27 ते 28 अंश, आर्द्रता 60 टक्क्यांच्या आसपास, बारा तास उजेड. एका वाटीत कोरडी साखर, दुसऱ्या वाटीत पाण्याने भिजवलेला कापूस. उघडं पाणी ठेवलं तर माश्या बुडतात. कोषातून निघाल्यावर तिसऱ्या दिवसापासून रोज कलेजीचा छोटा तुकडा द्या. प्रथिन मिळाल्याशिवाय मादीच्या अंडाशयात अंडी पिकत नाहीत. पहिल्यांदा वसाहत लावणारे नेमके इथे अडकतात: नुसत्या साखरेवर माश्या महिनाभर मजेत जगतात आणि एकही अंडं देत नाहीत.

सात-आठ दिवसांनी 50 ग्रॅम कलेजी दुमडून, तिला घडी पडेल अशी ठेवा. मादी घडीत, अंधाऱ्या भेगेत अंडी घालते. दुपारी ठेवलेली कलेजी चार ते सहा तासांनी काढून घ्या. रात्रभर ठेवली तर अंडी वेगवेगळ्या वयाची होतात आणि पुढे सगळ्या अळ्या एका टप्प्यावर मिळत नाहीत. एका मादीचा घोस 150 ते 200 अंड्यांचा असतो, रंग सायीसारखा, एकमेकांना चिकटलेला.

कलेजी ब्रॉयलरची असेल तर तिच्यात प्रतिजैविकाचा अंश असू शकतो. शक्यतो गावठी कोंबडीची किंवा बकऱ्याची घ्या. काहीही घेतली तरी त्याच कलेजीचा तुकडा अळ्यांशिवाय, तितकेच दिवस, त्याच तापमानाला ठेवून, तितक्याच पाण्यात ढवळून, गाळून बाजूला ठेवा. हा ‘कलेजी कंट्रोल’. तो नसेल तर बाकी सगळ्या कष्टांना अर्थ नाही.

अंडी धुणं

अळी निर्जंतुक करता येत नाही, अंडं करता येतं. पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, सात दिवस रणांगणात पडून राहिलेल्या दोन सैनिकांच्या जखमा अळ्यांनी भरलेल्या असूनही त्यांना ताप नाही, हे विल्यम बेअर या अमेरिकन शल्यविशारदाने पाहिलं होतं. पुढे बाल्टिमोरला हाडांच्या जुनाट संसर्गावर त्याने अळ्या वापरल्या, तेव्हा काही रुग्णांना धनुर्वात झाला आणि निर्जंतुक अळ्यांची गरज पटली. त्याचा शोधनिबंध 1931 चा. आजही धुलाई अंड्याचीच होते.

अंड्यांचा घोस मऊ ब्रशने 1 टक्का सोडियम सल्फाइटच्या द्रावणात उतरवा आणि 10 मिनिटं हळूहळू हलवत राहा. चिकटपणा सुटून अंडी सुटी होतात. तळाशी बसतील ती घ्या, वर तरंगणारी टाका. मग लॅमिनारमध्ये, निर्जंतुक गाळणीच्या कापडावर घेऊन 0.5 टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये 3 मिनिटं. (प्रयोगशाळेतलं द्रावण 4 टक्क्यांचं असतं; एक भाग त्याचा, सात भाग पाणी.) नंतर 1 टक्का सोडियम थायोसल्फेटने एकदा आणि निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा. थायोसल्फेट क्लोरीन संपवतं. नुसत्या पाण्याने अंड्यांच्या घोळक्यातलं ब्लीच पूर्ण निघत नाही.

वेळेबाबत घड्याळ लावून काम करा. तीनची पाच मिनिटं झाली तर कवच विरघळायला लागतं आणि उबवणीचं प्रमाण एकदम पडतं. ब्लीच ताजं की जुनं यावरही फरक पडतो, म्हणून नवी बाटली फोडली की आधी 50 अंड्यांवर चाचणी घ्या: किती उबली, आणि धुतलेली पाच-सहा अंडी थायोग्लायकोलेट ब्रॉथमध्ये टाकल्यावर 48 तासांत गढूळपणा आला का. हा ब्रॉथ मुद्दाम सांगतोय, कारण हवेशिवाय वाढणारे जिवाणू साध्या न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये लपून राहतात आणि धनुर्वाताचा जिवाणू त्याच जातकुळीचा.

धुतलेली अंडी निर्जंतुक कलेजी-आगारवर सोडा. 100 ग्रॅम कलेजी मिक्सरमधून काढून, 100 मिली पाणी आणि 2 ग्रॅम आगार घालून ऑटोक्लेव्ह केलेलं. अळीमागे दीड ग्रॅम खाद्य धरा. दाटी झाली तर अळ्यांचा घोळका स्वतःच तापतो, खाद्य पातळ होतं आणि अळ्या डबा सोडून वर चढतात. 28 अंशांना अंडी 12 ते 24 तासांत उबतात आणि तिसरा टप्पा तिसऱ्या-चौथ्या दिवशी लागतो.

निर्जंतुक अळ्या हव्यात की नकोत, हा मात्र खरा प्रश्न आहे. निर्जंतुक वाढवलेल्या अळीला शत्रू भेटलेला नसतो, त्यामुळे तिची तयारीही कमी असते. जिवाणूंच्या संगतीत ठेवलेल्या अळ्यांची क्रिया वाढते असं प्रयोगांत दिसलं आहे. निर्जंतुक अळ्यांचा स्राव कमजोर पण स्वच्छ, बाजारी मांसावर वाढलेल्यांचा जोरदार पण संशयास्पद. मधला मार्ग असा: निर्जंतुक वाढवा, मग स्राव काढण्याआधी 16 तास उष्णतेने मारलेले स्टॅफिलोकॉकस मिसळलेल्या खाद्यावर ठेवा. शेजारी तशाच, पण जिवाणू न दिलेल्या अळ्यांचा गट. दोन्हींची तुलना हाच तुमच्या प्रकल्पाचा सर्वांत सांगण्यासारखा भाग ठरेल.

स्राव काढणं

वेळ चुकली तर इथे काहीच हाती लागत नाही. तिसऱ्या टप्प्यातली, अजून खात असलेली अळी हवी. पांढऱ्या अंगाच्या पुढच्या भागात कातडीतून एक काळपट-तपकिरी पट्टा दिसतो. ते अन्नाने भरलेलं पोट. पट्टा लांब आणि गडद असेल तोवर अळी कामाची. तो आखडून ठिपक्याएवढा झाला आणि अंग पिवळसर, जाडसर दिसायला लागलं की अळी कोषाच्या तयारीला लागली. तिचा स्राव आटतो. या दोन अवस्थांत जेमतेम एक-दीड दिवसाचं अंतर असतं, तेव्हा सुट्टीच्या दिवशी कोण येणार हे आधी ठरवा.

अळ्या खाद्यातून चिमट्याने उचलू नका, जखमी होतात आणि त्यांचा हिमोलिम्फ (अळीचं रक्त) स्रावात मिसळतो. गाळणीत घेऊन निर्जंतुक पाण्याच्या हलक्या धारेने धुवा, तीन वेळा, शेवटचं धुवण जपून ठेवा. हाही एक कंट्रोल. मग टिश्यूवर टिपून वजन करा. या वयाच्या 25 ते 30 अळ्यांचं साधारण एक ग्रॅम भरतं. 5 ग्रॅम अळ्या 50 मिलीच्या नळीत घेऊन दर ग्रॅमला 200 मायक्रोलिटर निर्जंतुक ऊर्ध्वपातित पाणी घाला, म्हणजे एकूण 1 मिली. अळ्या नुसत्या ओल्या दिसतील, बुडणार नाहीत. बुडवल्या तर श्वासासाठी धडपडतात आणि स्राव पातळ होतो. झाकण सैल, वर फॉइल, 30 अंश, अंधार, एक तास.

पाण्याऐवजी पीबीएस (फॉस्फेट असलेलं मिठाचं द्रावण) का नाही? कारण अशी पेप्टाइडं धनभारित असतात आणि मीठ वाढलं की जिवाणूच्या ऋणभारित पृष्ठभागावरची त्यांची पकड ढिली होते. शिवाय पुढे स्राव सुकवून दहापट दाट केला की पीबीएसमधलं मीठही दहापट होतं आणि त्यानेच झोन येऊ शकतो.

तासाभराने पिपेटने द्रव काढा. तो फिकट तपकिरी, किंचित फेसाळ आणि उग्र वासाचा असतो. लगेच बर्फावर. 4 अंशांना 10,000 जी वेगाने 10 मिनिटं फिरवा, वरचा द्रव 0.22 मायक्रॉनच्या पीईएस फिल्टरमधून गाळा. नायलॉन किंवा नायट्रोसेल्युलोजचा फिल्टर वापरू नका. प्रथिनं त्याला चिकटतात आणि गाळून आलेलं पाणी म्हणजे खरोखर पाणीच उरतं. गाळलेल्याचा एक थेंब न्यूट्रिएंट आगारवर पसरून ठेवा. दुसऱ्या दिवशी प्लेटवर लाटांसारखी एकात एक वर्तुळं पसरलेली दिसली तर तो प्रोटियस, म्हणजे फिल्टर फाटला होता.

पीएच पट्टीवर नोंदवा. 100 मायक्रोलिटरचे भाग करून उणे 20 ला, जास्त दिवस ठेवायचं असेल तर उणे 80 ला ठेवा. एकदा वितळवलेला भाग पुन्हा गोठवायचा नाही. स्रावातली प्रोटिएझं 4 अंशांनाही काम करत राहतात. फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवलेला स्राव स्वतःचीच प्रथिनं खाऊन बसतो. प्रथिनांच्या मापासाठी ब्रॅडफर्ड रंगपरीक्षा चालेल, पण तो लहान पेप्टाइडांना नीट पकडत नाही, त्यामुळे त्या आकड्यावरून पेप्टाइडाचं प्रमाण काढू नये.

प्लेट लावणं

जिवाणूंत मायक्रोकॉकस ल्युटियस आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे दोन ग्रॅम पॉझिटिव्ह, सोबत ई. कोलाय. पुण्याच्या एनसीएलमधल्या एनसीआयएम संग्रहातून किंवा चंदीगडच्या एमटीसीसीतून प्रमाणित वाण मागवा. मायक्रोकॉकस मुद्दाम घ्या, तो फार हळवा आहे. बाकी कुठे काही दिसलं नाही तरी त्याच्यावर दिसतं. एमआरएसए साध्या प्रयोगशाळेत आणायचा मोह टाळा.

नेहमीची मुलर-हिंटन प्लेट आणि 6 मिलिमीटरची विहीर ही सवय इथे उपयोगाची नाही. आगारमध्ये सल्फेटचे ऋणभारित गट असतात, धनभारित पेप्टाइड विहिरीच्या काठालाच अडकतं. त्याऐवजी दोन थरांची पद्धत घ्या. खालचा थर: कमी ईईओचं (भारित गट कमी असलेलं) अगॅरोज 1 टक्का, 10 मिलिमोलर सोडियम फॉस्फेट पीएच 7.4, ट्रिप्टिक सोय ब्रॉथ फक्त 0.03 टक्के. ते 42 अंशांपर्यंत निवलं की 10 मिलीत जिवाणूंच्या 40 लाख पेशी मिसळून चौकोनी डिशमध्ये ओता, थर मिलिमीटरभर जाडीचा. 3 मिलिमीटरच्या विहिरी पाडा, प्रत्येकीत 5 मायक्रोलिटर. 37 अंशांना 3 तास (मायक्रोकॉकस असेल तर 30 अंशांना). मग वरून 6 टक्के ट्रिप्टिक सोय ब्रॉथ असलेलं 1 टक्का अगॅरोज 10 मिली ओतून रात्रभर ठेवा. पहिल्या तीन तासांत जिवाणू उपाशी असतात, पेप्टाइडाला पसरून काम करायला वेळ मिळतो. वरचा थर आला की जे वाचले ते वाढतात.

पेशी मोजताना गढूळपणाच्या मॅकफार्लंड मापावर 0.5 म्हणजे मिलीला सुमारे 15 कोटी धरा. वाढत्या अवस्थेतले जिवाणू घ्या, आदल्या रात्रीचे थकलेले नकोत.

मूळ स्रावात बहुधा काही दिसणार नाही. निराश होऊ नका, फ्रीझ-ड्राय करून मूळ आकारमानाच्या दहाव्या भागात, 0.01 टक्का असेटिक आम्लात विरघळवा. तेवढंच नुसतं असेटिक आम्ल कंट्रोल म्हणून शेजारच्या विहिरीत.

द्रवातली परीक्षा करायची असेल तर 96 खान्यांची प्लेट पॉलीप्रॉपिलीनची हवी. पॉलिस्टायरीनला पेप्टाइड चिकटतं, आणि प्रत्येक पातळीकरणात थोडं थोडं हरवून शेवटी एमआयसी (जिवाणूंची वाढ थांबवणारं किमान प्रमाण) दुप्पट-चौपट मोठी दिसते. अंतिम संख्या मिलीला 5 लाख पेशी. पण गढूळपणा वाचून निकाल देऊ नका: स्राव स्वतःच रंगीत असतो आणि त्यातल्या पोषक द्रव्यांवर ई. कोलाय उलट जोमाने वाढतो. 0, 2, 4 आणि 8 तासांनी भाग काढून, पातळ करून, वसाहती मोजा. कष्टाचं आहे, पण याच आकड्यांवर विश्वास ठेवता येतो.

झोनची उलटतपासणी

झोन आला की कामाला सुरुवात झाली असं समजा.

आधी अमोनिया. स्रावाचा पीएच मोजला होता. अमोनियम बायकार्बोनेटचं द्रावण अमोनियम हायड्रॉक्साइडने त्याच पीएचला आणून वेगळ्या विहिरीत टाका. दुसऱ्या विहिरीत पातळ आम्लाने 7 ला आणलेला स्राव. बायकार्बोनेटने झोन दिला आणि 7 च्या स्रावाने दिला नाही, तर तुम्ही अमोनिया शोधून काढलात. फ्रीझ-ड्राय करताना अमोनिया बराचसा उडून जातो, त्यामुळे सुकवलेल्या स्रावाने झोन टिकवला तर ती चांगली खूण.

मग उकळणं. 100 अंशांना 10 मिनिटं. ल्युसिफेन्सिनसारखी डायसल्फाइडने बांधलेली पेप्टाइडं हे सोसतात, विकरं संपतात. मग प्रोटिनेझ के (प्रथिनं तोडणारं विकर): 37 अंशांना 2 तास, नंतर उकळून ते बंद करा. झोन नाहीसा झाला तर क्रिया पेप्टाइडाची. राहिला तर हलक्या रेणूंची किंवा कलेजीतल्या औषधाची. सोबत पाण्यात प्रोटिनेझ के टाकून उकळलेलं एक कंट्रोल ठेवा. डायसल्फाइड पूल काही वेळा प्रोटिएझलाही दाद देत नाहीत, अशा वेळी आधी डायथायोथ्रायटॉलने ते तोडून पाहा, अर्थात त्याचंही कंट्रोल लावून.

त्यानंतर वजनावर वेगळं करा. 10 किलोडाल्टनच्या सेंट्रिफ्युगल फिल्टरमधून जे खाली येईल ते 3 किलोडाल्टनच्या फिल्टरवर घाला. मधला भाग पेप्टाइडांचा, सगळ्यात खाली उतरलेला हलक्या रेणूंचा. मधल्या भागाने मायक्रोकॉकसवर झोन दिला, ई. कोलायवर दिला नाही, उकळून टिकला आणि कलेजी कंट्रोल कोरा राहिला, तर डिफेन्सिनकडे बोट दाखवायला हरकत नाही. नाव घ्यायचं असेल तर मॅल्डीवर (रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रावर) 4114 डाल्टनच्या आसपास शिखर दिसायला हवं. ती सोय आपल्याकडे मोठ्या संस्थांत पैसे भरून मिळते. नमुना आधी सी-18 स्तंभावरून मीठ काढून पाठवा.

स्राव कमजोरच राहिला तर हिमोलिम्फ

ल्युसिफेन्सिन लाळग्रंथीत थोडं थोडं बनत असतं, पण अळीच्या अंगात सुई टोचून जिवाणू शिरले की मेदपिंड ते भरभरून बनवतो. बारीक कीटकसुई मारलेल्या जिवाणूंच्या गाळात बुडवून अळीच्या मागच्या तिसऱ्या भागात, बाजूने, हलकेच टोचा. मधोमध टोचलं तर आतडं फुटतं आणि अळी काळी पडून मरते. 24 तास 28 अंशांना ठेवून, बर्फावर गार करून, पुढचं टोक कापून थेंब केशनळीत घ्या. अळीमागे 2 ते 5 मायक्रोलिटर मिळतात. नळीत आधीच फिनाइलथायोयुरियाचा एखादा बारीक स्फटिक हवा, नाहीतर दोन मिनिटांत द्रव शाईसारखा काळा होतो. हे रसायन विषारी आहे, हातमोजे घाला, आणि त्याचंही कंट्रोल लावा. न टोचलेल्या आणि निर्जंतुक सुईने टोचलेल्या अळ्यांचे दोन गट सोबत हवेतच. नुसत्या जखमेनेही थोडी क्रिया वाढते.

आवरणं

स्राव काढलेल्या अळ्या, उरलेलं खाद्य आणि जिवाणू दिलेल्या अळ्यांचे डबे 121 अंशांना 30 मिनिटं ऑटोक्लेव्ह करा आणि जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाका. नको असलेल्या माश्यांचा पिंजरा झाकून उणे 20 ला दोन दिवस. भटकायला निघालेल्या अळ्या अर्ध्या सेंटिमीटरच्या फटीतूनही सहज निसटतात, म्हणून त्यांचा डबा कोरड्या भुशाने भरलेल्या मोठ्या ट्रेमध्ये ठेवा आणि ट्रे रोज चाळा. दहा दिवसांनी खिडकीच्या काचेवर हिरव्या माश्या दिसल्या तर फ्रीजच्या मागचा कोपरा आधी बघा. कोष बहुधा तिथेच, उबेला सापडतात.